बुळबुळीतपणा फेकू नका: ओट्स, जव आणि बीटा-ग्लुकन रोजच्या जेवणात बसवताना

भेंडीची तार जावी म्हणून आपण काय काय करतो! धुऊन, पुसून, कोरडी करून मग चिरायची, वर आमसूल टाकायचं, झाकण अजिबात ठेवायचं नाही. ताटात बुळबुळीत काही आलं की बहुतेक घरांत नाकं मुरडली जातात. म्हणून ओट्ससुद्धा आपल्याकडे पोह्यांसारखे मोकळे, खमंग, मसालेदार करून खायची पद्धत पडली. घोटाळा नेमका तिथेच आहे. ज्या घटकासाठी ओट्स खायचे, तो घटक म्हणजेच तो बुळबुळीतपणा. त्याचं नाव बीटा-ग्लुकन.

मी या भानगडीत पडले ते एका रिपोर्टमुळे. एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १५४. साखर नाही, बीपी नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिने जेवणात बदल करा, मग गोळीचं बघू. त्या तीन महिन्यांत केलेल्या चुका आणि नंतर वाचून-करून समजलेल्या गोष्टी इथे एकत्र लिहिते आहे.

आधी थोडं शास्त्र

बीटा-ग्लुकन म्हणजे ग्लुकोजच्याच रेणूंची लांबच लांब साखळी, पण अशा जोडणीची की आपल्या पाचकरसांना ती तोडता येत नाही. ओट्स आणि जवातली साखळी पाण्यात विरघळते आणि घट्टसर जेल तयार करते. मश्रूम आणि यीस्टमधली साखळी वेगळ्या जोडणीची असते, ती बहुतांशी विरघळत नाही आणि तिचं कामही वेगळं. नाव एक, वस्तू दोन. ही गोष्ट लक्षात ठेवा, कॅन्सरच्या मुद्द्याशी आलो की लागेल.

कोलेस्टेरॉलवर हा जेल काम करतो तो पित्ताच्या मार्गाने. यकृत कोलेस्टेरॉल वापरून पित्ताम्लं बनवतं, ती जेवणाबरोबर आतड्यात उतरतात आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात बहुतेक सगळी परत शोषली जातात. आतड्यात जेल असला की त्यातली काही अडकून शौचावाटे निघून जातात. तूट भरून काढायला यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. झालं, एवढंच. यात जादू नाही, चिकटपणा आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली. ओट्समधलं बीटा-ग्लुकन दिवसाला ३ ग्रॅम, हा त्यातला आकडा. जवाला तशीच मुभा काही वर्षांनी मिळाली आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही ३ ग्रॅमच धरले. २०१४ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला, त्यात दिवसाला ३ ग्रॅम किंवा जास्त बीटा-ग्लुकनने एलडीएल सरासरी ०.२५ मिलिमोल, म्हणजे आपल्या रिपोर्टच्या भाषेत साधारण १० अंकांनी उतरलं. दिल्लीत भारतीयांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही ओट्समधून ३ ग्रॅम घेणाऱ्यांचं एलडीएल नेहमीचं जेवण घेणाऱ्या गटापेक्षा जास्त उतरलं. दहा अंक म्हणजे गोळीची बरोबरी नाही. पण ज्याचा आकडा काठावर आहे त्याला ते थोडकेही नाहीत.

दुकानात काय मागायचं

माझी पहिली फजिती इथेच झाली. कोपऱ्यावरच्या दुकानात "अर्धा किलो जव द्या" म्हटलं आणि घरी येऊन पुडी सोडली तर आत चकचकीत तपकिरी जवस! चूक दुकानदाराची म्हणावी तर तसंही नाही, त्याच्याकडे जव मागायला येतो कोण? जवस चांगलंच, त्याची चटणी मला प्रिय आहे, पण त्यात बीटा-ग्लुकन नाही. त्याचा बुळबुळीतपणा निराळ्या द्रव्याचा.

दुसरा घोळ सातूचा. जुन्या मराठीत सातू म्हणजे जवच. पण आज घरोघरी जे सातूचं पीठ होतं त्यात भाजलेले गहू आणि डाळं असतं, जव असले तर असले. उत्तर भारतातून येणारा सत्तू तर बहुधा चण्याचा. तेव्हा "सातूचं पीठ खातो, म्हणजे झालं" असं समजू नका. पाकिटामागची घटकांची यादी वाचा किंवा घरी करताना जव घाला.

सरळ मार्ग असा: दुकानात "बार्ली" मागा. पांढरट, मधोमध रेघ असलेले गोलसर दाणे मिळतात, ती पर्ल बार्ली. सालं घासून काढलेली आहे म्हणून मी आधी ती घेत नव्हते, अख्ख्या धान्याचा हट्ट होता. पण जवात बीटा-ग्लुकन दाण्याच्या आतल्या भागातही भरपूर असतं, त्यामुळे साल गेली तरी ते टिकतं. ओट्सचं तसं नाही, त्यात ते बाहेरच्या थरांत जास्त. म्हणून ओट ब्रॅन, म्हणजे ओट्सचा कोंडा, सगळ्यात दाट.

ओट्समध्ये रोल्ड किंवा स्टील-कट घ्या. जाड पाकळीचे रोल्ड आणि स्टील-कट यांचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते त्याचं माप, ५५ च्या आसपास, इन्स्टंटचा ७५ च्या घरात. धान्य तेच, फक्त जितकं बारीक आणि जितकं आधी शिजवलेलं तितका स्टार्च पटकन सुटतो. मसाला ओट्सच्या पाकिटात ओट्स किती टक्के आणि सोडियम किती, एवढं बघा आणि मग ठरवा. ओट्सच्या बिस्किटांबद्दल लिहायलाच नको.

आता एक अप्रिय गोष्ट. ज्वारी, बाजरी, नाचणी यांत बीटा-ग्लुकन नगण्य. भाकरी सोडा असं मी मुळीच म्हणत नाही, तिचे गुण तिच्यापाशी. पण या कामाला ती उपयोगी नाही. इसबगोल आणि मेथीदाणे चिकट आहेत, त्यांचाही कोलेस्टेरॉल-साखरेवर परिणाम आहे, पण त्यांचे तंतू वेगळ्या जातीचे. ओट्स पचत नसतील तर इसबगोल हा चांगला दुसरा रस्ता.

तीन ग्रॅमचं गणित

इथे वजनकाटा काढा. पहिला आठवडाच लागतो, मग हात बसतो.

रोल्ड ओट्समध्ये साधारण ४ टक्के बीटा-ग्लुकन धरा. म्हणजे नुसत्या ओट्सवर भागवायचं तर कोरडे ७५ ग्रॅम. रोज एवढे खाणारा माणूस मी अजून पाहिला नाही. ओट ब्रॅनमध्ये ६ टक्क्यांच्या आसपास, म्हणून ५० ग्रॅम पुरतो. बार्लीत जातीनुसार ४ ते ६ टक्के, म्हणजे ५० ते ७५ ग्रॅम. मी वाटणी केली: सकाळी ४० ग्रॅम ओट्स (१.६ ग्रॅम) आणि रात्री ३५ ग्रॅम बार्ली (१.४ ते २ ग्रॅम). ३५ ग्रॅम बार्ली म्हणजे सपाट तीन मोठे चमचे, शिजून मध्यम वाटीभर होते. ज्या दिवशी ओट्स नकोसे होतात त्या दिवशी दोन्ही वेळा बार्ली.

एक पथ्य: हे भाताच्या किंवा पोळीच्या जागी खायचं, त्यावर वरकड नाही. माझ्या ओळखीतल्या एका काकांनी सकाळच्या पोह्यांनंतर ओट्सचा बाऊल सुरू केला आणि महिनाभरात दोन किलो वजन कमावलं.

शिजवणं: सगळं इथे ठरतं

नुसते ग्रॅम पोटात जाऊन भागत नाही, जेल दाट व्हावा लागतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लोकांना ३ ते ४ ग्रॅमच बीटा-ग्लुकन दिलं, पण वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांचं. लांब आणि मध्यम साखळ्यांनी एलडीएल ५ टक्क्यांच्या आसपास उतरवलं, तुकडे-तुकडे झालेल्या साखळीचा परिणाम त्याच्या निम्म्याने. म्हणजे स्वयंपाकघरात आपल्याला साखळी तुटू द्यायची नाही.

ओट्स ४० ग्रॅम, पाणी दीड कप. थंड पाण्यात घालून मंद आचेवर चढवा आणि आठ-दहा मिनिटं हलवत शिजवा. पहिली पाच मिनिटं पाकळ्या आणि पाणी वेगळं दिसतं. मग पळी उचलली की पाणी थेंबाथेंबाने न पडता जाडसर धारेने पडायला लागतं. ती धार आली की समजा काम झालं. ओट्स शिजवून वरचं पाणी निथळून मोकळे करण्याची जी पद्धत दिसते, तीत औषधच मोरीत जातं.

पण हा लगदा खायचा कसा? मला उत्तर कोकणात सापडलं. जो माणूस भेंडीच्या तारेला नाक मुरडतो तोच पेज आवडीने पितो, आंबील पितो. ओट्सला पोहे समजू नका, पेज समजा. शिजलेले ओट्स कोमट झाले की त्यात वाटीभर ताक, मीठ, चेचलेला लसूण किंवा आलं, वरून जिरं-कढीपत्त्याची फोडणी. ताक गरम ओट्समध्ये ओतलंत तर फाटतं, एवढी काळजी घ्या. सोबत लोणच्याची फोड. आमच्याकडे ओट्स म्हटलं की उठून जाणारी मंडळी ही आंबील निमूट पितात.

बार्ली रात्री भिजवा आणि त्याच पाण्यात शिजवा. एका वाटीला साडेतीन-चार वाट्या पाणी, माझ्या कुकरला सहा शिट्ट्या. भिजवायला विसरलात तर दहा. दाणा चावताना किंचित रबरी लागला पाहिजे आणि भोवती दाट पांढरं पाणी हवं. उन्हाळ्यात बार्ली उकळून पाणी पिऊन दाणे फेकतात, ते करू नका. पाण्यात थोडा भाग उतरतो, बराचसा दाण्यातच राहतो. दोन्ही पोटात गेलं पाहिजे. मूग डाळ घालून केलेली बार्लीची खिचडी ही मला सर्वांत जमलेली वस्तू: डाळ आणि बार्ली निम्मी-निम्मी, हिंग सढळ. दही कालवून, मोहरीची फोडणी देऊन दहीभातासारखीही छान लागते. शिजवलेली बार्ली फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस बिनघोर राहते. फ्रीजरमध्ये मात्र गोठवू नका. ओट ब्रॅनच्या मफिनवर झालेल्या प्रयोगांत गोठवून ठेवल्यावर बीटा-ग्लुकनची विरघळण्याची क्षमता उतरलेली दिसली.

पिठाची गोष्ट वेगळी. कच्च्या जवात साखळी तोडणारे एन्झाइम असतात आणि पाणी मिळालं की ते कामाला लागतात. रात्री मळून ठेवलेली कणीक, आंबवलेलं पीठ, यीस्टचा पाव, या सगळ्यांत साखळी आखूड होत जाते. ओट्स कारखान्यात वाफवलेले असल्याने त्यांचे एन्झाइम बहुतेक मेलेले असतात, जवाच्या पिठाचे नाहीत. इथे आपली भाजणी कामाला येते. जव मंद आचेवर खमंग भाजून मग दळले की त्या एन्झाइमचा जोर मोडतो. थालीपिठाच्या भाजणीत मी तांदूळ पूर्ण काढून तेवढे जव घातले. थालीपीठ किंचित चिवट होतं, चव बदलत नाही. पोळीसाठी गव्हाच्या पिठात निम्मं जवाचं पीठ घालून मळा आणि लगेच लाटा. तीस ग्रॅम पिठाच्या तीन पोळ्यांत मग ४५ ग्रॅम जव जातात, म्हणजे दोनेक ग्रॅम बीटा-ग्लुकन. ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये चपातीतच जवाचं बीटा-ग्लुकन घालून रक्तातली साखर मोजली होती, आणि ४ ग्रॅमवर ग्लायसेमिक इंडेक्स लक्षणीय उतरला होता.

मधुमेह असेल तर

साखरेच्या बाबतीत जाहिराती जास्त बोलतात. युरोपीय संस्थेने २०११ मध्ये घातलेली अट अशी: जेवणातल्या दर ३० ग्रॅम पचणाऱ्या कर्बोदकांमागे ४ ग्रॅम बीटा-ग्लुकन. ५० ग्रॅम ओट्समध्ये साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं असतात आणि बीटा-ग्लुकन २ ग्रॅम. म्हणजे साधे ओट्स ही अट अर्धीच पुरी करतात. वर केळं आणि मध घातलात तर तेवढीही नाही. ज्यांना साखरेसाठी हे करायचं त्यांनी ओट ब्रॅनकडे वळावं, किंवा बार्लीत उसळ आणि भाजी मिसळून कर्बोदकांचा वाटा कमी करावा. आणि ग्लुकोमीटर घरी असेल तर स्वतःवरच तपासा: एक दिवस नेहमीचा नाश्ता, एक दिवस ओट्सची आंबील, दोन्ही दिवशी पहिल्या घासापासून दोन तासांनी बोटाला टोचायचं. मला कुठल्याही तक्त्यापेक्षा तो आकडा जास्त पटतो.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आहारात मोठा बदल डॉक्टरांना सांगूनच करा. साखर खाली घसरू शकते.

पोटाचं काय होतं

लहान आतड्यात न पचलेलं बीटा-ग्लुकन मोठ्या आतड्यात पोहोचतं आणि तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी आम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी ब्युटिरेटवर जगतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या गटाने रात्री जवाच्या अख्ख्या दाण्यांचा पाव खाऊ घालून दुसऱ्या दिवशी सकाळच्या नाश्त्यानंतरची साखर मोजली, ती पांढऱ्या पावाच्या तुलनेत कमी चढली. रात्रीच्या जेवणाचा परिणाम सकाळपर्यंत पुरला. २०१५ मधल्या त्यांच्या पुढच्या कामात दिसलं की ज्यांना याचा फायदा झाला त्यांच्या आतड्यात प्रिव्होटेला जातीचे जिवाणू जास्त होते. सगळ्यांना सारखा गुण का येत नाही, याचा हा एक धागा. मी बार्ली रात्रीच्या जेवणात ठेवली ती हे वाचून.

आंबवणं म्हटलं की गॅस आलाच. पहिल्याच दिवशी पूर्ण ३ ग्रॅमवर उडी मारलीत तर ऑफिसात बसणं मुश्कील होईल, अनुभवाने सांगते. पहिला आठवडा फक्त सकाळचे २० ग्रॅम ओट्स, दुसऱ्या आठवड्यात ४०, तिसऱ्यात बार्ली. पाणी वाढवा. हिंग, आलं, ओवा आहेतच.

कॅन्सर: इथे जपून

मश्रूमच्या कॅप्सूल "कॅन्सरवर गुणकारी" म्हणून विकल्या जातात त्यामागे एक खरी गोष्ट आहे, अर्धवट सांगितलेली. टोकियोच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रातल्या गोरो चिहारा यांनी १९६९ मध्ये शिताके मश्रूममधल्या बीटा-ग्लुकनने उंदरांमधल्या गाठी आटतात असं दाखवलं. त्यातून लेंटिनान नावाचं औषध निघालं आणि १९८५ मध्ये जपानने ते जठराच्या कॅन्सरमध्ये केमोथेरपीच्या जोडीने द्यायला मंजुरी दिली. ते इंजेक्शन होतं. भाजीत खाण्याची वस्तू नव्हे, आणि एकटं द्यायचं औषधही नव्हे. पुढे जपानमध्येच एस-१ या केमोच्या औषधाबरोबर लेंटिनान देऊन मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले: रुग्णांचं आयुष्य त्याने वाढलं नाही.

मश्रूम-यीस्टचं बीटा-ग्लुकन रोगप्रतिकारक पेशींवरच्या डेक्टिन-१ या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन चिकटतं, हे २००१ मध्ये उजेडात आलं. बुरशी ओळखण्याची ती शरीराची युक्ती आहे. पण पेशी जागी होणं आणि गाठ बरी होणं यांत फार अंतर आहे. ओट्स-जवातलं बीटा-ग्लुकन तर या ग्राहकाला नीट जुळतही नाही. मश्रूम जरूर खा, पावसाळ्यात ओळखीच्या माणसाकडून आलेली अळंबी मिळाली तर नशीबवान आहात. मात्र शंभर ग्रॅम ताज्या मश्रूममधले नव्वद ग्रॅम पाणीच असतं, आणि कोलेस्टेरॉलच्या तीन ग्रॅमच्या हिशेबात ते धरायचे नाहीत.

धान्याच्या बाजूने जो पुरावा आहे तो मोठ्या आतड्याच्या कॅन्सर टाळण्यापुरता. जागतिक कॅन्सर संशोधन निधीच्या २०१८ च्या अहवालात रोज ९० ग्रॅम अख्खं धान्य खाण्याशी हा धोका १७ टक्क्यांनी कमी असण्याचा संबंध दिसतो. ही निरीक्षणं आहेत आणि सगळ्या अख्ख्या धान्यांबद्दल आहेत, एकट्या बीटा-ग्लुकनबद्दल नव्हेत. उलट बाजूही सांगायला हवी: २००० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत तंतू वाढवून आतड्यातले पॉलिप, म्हणजे अस्तरावरच्या छोट्या गाठी, पुन्हा येणं थांबलं नाही. ज्यांच्या घरी उपचार चालू आहेत त्यांनी हा लेख वाचून काहीही सुरू करू नये. आतड्याची शस्त्रक्रिया, आतडं अरुंद होणं, केमोतले जुलाब, अशा वेळी डॉक्टर तंतू कमी करायलाच सांगतात, आणि तेच ऐकायचं.

कोणी लांब राहायचं

सिलिअॅक, म्हणजे ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजार, असलेल्यांना जव पूर्ण वर्ज्य, त्यात ग्लुटेन आहे. ओट्समध्ये गव्हाची भेसळ फार असते, म्हणून ग्लुटेनमुक्त छापलेले ओट्सही त्यांनी विचारूनच घ्यावेत. पोट सतत फुगणाऱ्यांना ओट्स चालतात, बार्ली अनेकदा त्रास देते. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घेऊन अर्धा ते एक तास थांबा, मगच आंबील. तंतूंमुळे ती गोळी नीट शोषली जात नाही. आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती ओट्सच्या भरवशावर बंद करू नका.

मोजणं

सुरू करण्याआधी लिपिड प्रोफाइल करा. पूर्ण ३ ग्रॅमवर आल्यापासून सहा आठवड्यांनी पुन्हा, त्याच लॅबमध्ये, तितक्याच तासांच्या उपासानंतर. मधल्या काळात तेल, व्यायाम, गोळ्या असं दुसरं काही बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. ट्रायग्लिसराईड आणि एचडीएलकडून अपेक्षा ठेवू नका, बीटा-ग्लुकनचा त्यांच्यावर फारसा परिणाम नसतो. बघायचा तो एलडीएलचा रकाना. माझा १५४ वरून १४१ झाला. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून गोळी सहा महिने पुढे ढकलली, आणि मी त्या संध्याकाळी उद्याची बार्ली भिजत घातली.